खिडकीकडचं टोक

९ फेब्रुवारी

वन्सं,

नमस्कार लिहीत नाही. त्याला दोन हात लागतात. माझा डावा अजून झोळीत आहे.

आपल्या ड्रायव्हरचा फोन आला होता. लाँड्रीत घड्या घालायचं मशीन आलं म्हणे. खुशीत होता. वहिनी, एका बाजूने चादर लोटली की दुसऱ्या बाजूने घडी बाहेर, आता तुम्हाला काही त्रासच नाही, असं म्हणाला. मी विचारलं, ठेवलंय कुठे. तो आधी मशीनची किंमत सांगायला लागला. मग म्हणाला, दाराकडे.

दाराकडे. म्हणजे माझ्या जागी.

दुसरी जागा नव्हती का? सुकवायच्या यंत्राशेजारी कोपरा आहे, तिथे आपण फाटक्या चादरींचा ढीग ठेवतो. तो ढीग हलवता आला असता. तुम्हाला मला हलवणं सोपं वाटलं.

माझं हाड मोडलंय, वन्सं. मी मेलेली नाही.

बहिणीकडे पाठवताना तुम्ही म्हणालात, हात वर जाईल तेव्हा ये. मला वाटलं, धीर देताय. ती अट होती हे आत्ता कळतंय. आणि नाही गेला वर, तर? त्याबद्दल तुम्ही काही बोलला नाहीत. लाँड्री तुमची, वरचं घर तुमचं. मी तुमच्या भावाची बायको, आणि भाऊ जाऊन इतकी वर्षं झाली. माझं तिथे काय आहे? चादरीचं एक टोक. ते दाराकडचं टोक होतं म्हणून मी त्या घरात होते, एवढं मला समजतं. दिवसभर तुम्ही खिडकीकडे, मी दाराकडे, मध्ये चादर. त्या जागेवर आता लोखंड उभं आहे.

दुसरी गोष्ट. मी जमिनीवर पडले होते. हात अंगाखाली होता. हॉटेलची डबल चादर माझ्या तोंडावर. ती बाजूला करून बघितलं तर तुम्ही खिडकीपाशी तशाच उभ्या, आणि म्हणालात, "कुणी सांगितलं होतं एवढं ओढायला?"

मी रोजच्याएवढंच ओढलं होतं. झटका द्यायची वेळ होती, मी झटका दिला. तुमच्या बाजूला कुणी नव्हतं. टोक तुम्ही सोडलंत.

हॉस्पिटलमध्ये तुम्ही तेच म्हणालात. घरी आल्यावरही तेच. मी बोलायचं सोडलं ते तेव्हा. हाड डॉक्टर बघतील. मला तुमच्या तोंडून तीन शब्द हवेत: टोक सुटलं माझ्याकडून. इतकं जड आहे का ते?

फोनवर तुम्ही येत नाही, म्हणून लिहितेय. उजवा हात शाबूत आहे.

— तुमच्या भावाची बायको


१८ फेब्रुवारी

वन्सं,

उत्तर नाही. ठीक आहे.

इथे व्यायाम सुरू झाला. फिजिओथेरपीचं केंद्र औषधांच्या दुकानावर आहे, पहिल्या मजल्यावर. गुडघे मोडलेली माणसं कठड्याला लोंबकळत वर येतात. वर पोचलेल्याला निम्मं बरं झालंय असं धरत असतील.

फिजिओ तरुण मुलगी आहे. मला काकू म्हणते. मी कुणाची काकू नाही, असं पहिल्याच दिवशी सांगितलं. ती "बरं काकू" म्हणाली.

व्यायाम कसला तो ऐका. उजव्या हाताने टेबल धरायचं. कमरेत वाकायचं. झोळीतून डावा हात काढून खाली सोडून द्यायचा. मग अंग हलवायचं, म्हणजे तो लोंबणारा हात आपोआप गोल फिरतो. हाताने स्वतः काही करायचं नाही. मी केलं तर ती ओरडते. गच्च भरलेली गाठोडी पाठीवर मारून जिना उतरणारी बाई मी, आणि मला इथे लोंबकळायला शिकवतात.

ती म्हणाली, "हा हात तुमचा नाही असं समजा."

"मग कुणाचा?"

ती हसली. मी नाही. मला खरंच विचारायचं होतं.

घरी तेच पुन्हा करायचं असतं. मेहुणे समोर बसून चहा पितात आणि बघतात. मनाने ठरवलं की शरीर ऐकतं, असं त्यांचं मत आहे. त्यांच्या पोटाने अजून त्यांचं ऐकलेलं नाही. बहीण केस विंचरून बांधते. लहानपणी मी तिचे ओढायचे, त्याचं सगळं उट्टं आता काढतेय. मी बसून घेते. काय करणार? डबा उघडता येत नाही, बटण लागत नाही, टॉवेल पिळता येत नाही. टॉवेल, वन्सं. मला.

काल ड्रायव्हरचा फोन. ताई म्हणाल्या, तब्येत सांभाळ. ताई म्हणाल्या, घाई करू नको. ताई म्हणाल्या, खोली मोकळीच ठेवलीय. तुम्ही आता निरोप्या ठेवलात वाटतं. माझी दोन पानं तुम्हाला मिळाली हे त्याच्याकडून कळलं. तुमच्याकडे पेन नाही का? की माझ्यासाठी दोन ओळी लिहिल्या तर हात झिजणार आहे?

खोली मोकळी ठेवलीय, याबद्दल आभार. पाहुण्यांची सोय केल्यासारखं वाटलं.

— भावजय


७ मार्च

वन्सं,

झोळी निघाली. आतून जो हात निघाला तो माझा वाटत नव्हता. फिजिओचं म्हणणं पटलं. दंड बारीक झालाय, कोपर अंगाला चिकटून बसतं. माणसाचा हात इतक्या लवकर काम विसरतो, हे कुणी आधी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

आता भिंत. भिंतीला तोंड करून उभं राहायचं आणि बोटांनी वर चढायचं. तर्जनी, मधलं, तर्जनी, मधलं. जिथे थांबते तिथे फिजिओ पेन्सिलने रेघ मारते. पहिली रेघ माझ्या बरगडीपाशी होती. आता खांद्यापाशी आहे. बहिणीच्या घरी भिंतीला नवा रंग दिलाय, तिथे पेन्सिल चालत नाही, म्हणून कपाटाच्या दारावर चढते. मेहुण्यांनी कपाटाला नाव ठेवलंय, शिखर. मी त्यांना कपाटात कोंडणार आहे, दोन्ही हात चालू लागले की.

खांद्याच्या वर जात नाही. रेघ अडकलीय.

काठीचा व्यायाम आहे. दोन्ही हातांनी काठी आडवी धरायची आणि वर न्यायची. चांगला हात दुखऱ्या हाताला घेऊन जातो. फिजिओ म्हणते, वर. आणि मी काठी धरून उभी राहते. मग थोड्या वेळाने नेते. दर वेळी असंच. ती बाजूला उभी राहून बघत होती.

"दुखतंय?"

"नाही."

"भीती वाटते?"

"कुणाची?"

"मग कशाची वाट बघताय, काकू?"

तिने तिच्या कागदावर लिहिलं, हालचाल उशिरा सुरू होते. मी उलटं वाचलं. कामचुकार म्हटल्यासारखं लागलं. आयुष्यात मला कुणी हे म्हटलेलं नाही, तुम्हीसुद्धा नाही.

नंतर तिने नीट बसवून सांगितलं. खांदा आता घट्ट होत चाललाय. जे मिळवायचं ते या दिवसांत. नाही गेला वर तरी घरातली कामं होतील, जेवण, कपडे, केस. मी विचारलं, चादर? डोक्यावर हात न्यावे लागतात चादर धरायला, नाहीतर ती जमिनीला लागते आणि पुन्हा धुवावी लागते. ती म्हणाली, मशीन आहे ना आता तुमच्याकडे?

मीच तिला मशीनचं सांगितलं होतं, रागाच्या भरात. माझाच राग मला परत मिळाला, धुऊन, घडी घालून.

वन्सं, तुम्हाला हेच हवं होतं असं मी म्हणत नाही. पण तुम्ही एकदा तरी म्हणायला हवं होतं की असं नको आहे.

आज बहीण म्हणाली, इथेच राहा ना कायमची. चांगल्या मनाने म्हणाली. मी तोंड धुवायला गेले आणि बराच वेळ नळ चालू ठेवला.

— भावजय


२९ मार्च

वन्सं,

आज रागाने लिहायला बसले नव्हते. लिहिता लिहिता काय होतंय बघू.

केंद्रात रोज धुतलेल्या चादरी येतात, तपासणीच्या खाटांवर घालायला. कुठल्या लाँड्रीच्या आहेत कोण जाणे. कोपऱ्याला कोपरा जुळत नाही, काठ बाहेर लोंबतोय, वर इस्त्री तशीच मारलेली. रोज बघते आणि तोंड फिरवते. आज माझा नंबर यायला उशीर होता. मी एक उचलली आणि झटकून उघडली, एका हाताने. मग पुढे काय करणार? दुसरं टोक जमिनीला लागत होतं.

फिजिओ जवळून जात होती. मी म्हटलं, धरा.

"काय?"

"ते टोक धरा. दोन्ही कोपरे. बोलू नका. माझ्या हातांकडे बघू नका. चादरीच्या मध्ये बघा."

हे मी कुणाचं बोलले ते तुम्हाला ठाऊक आहे. लग्न होऊन आले त्या आठवड्यात तुम्ही मला दाराकडे उभं केलंत आणि हेच सांगितलंत. बोललं की घडी चुकते. हात बघितले की हात अडखळतात. कापडाचा मधला भाग बघायचा, पलीकडचा माणूस कापडातून कळतो. तुमचं टोक वर गेलं की चादर माझ्या बोटांत जराशी ताणायची, आणि माझं टोक मागोमाग वर जायचं. आधी तुम्ही, मग मी. कधी चुकलं नाही.

फिजिओने तिचे हात वर नेले. चादर ताणली. माझे हात गेले.

तिने बघितलं आणि ती नियम विसरली. म्हणाली, "काकू, हात बघा कुठे आहे."

"बोलू नका म्हटलं ना."

पण बघितला. कानाच्या वर होता. दुखत होतं, खूप दुखत होतं, पण होता तिथे. भिंतीवरच्या रेघेच्या केवढा तरी वर.

मी काठी धरून कशाची वाट बघत होते ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं. तुमची. काठीच्या पलीकडे कुणी नव्हतं, म्हणून हात निघत नव्हता.

हे लिहिताना राग येतोय. तुमचा की माझा ते नंतर बघू. पुढचं ऐका.

मग आम्ही झटका दिला. फिजिओ पुढे ओढली गेली, पडता पडता राहिली. मी म्हटलं, अहो, धरा की नीट. ती म्हणाली, धरलंय मी. तुम्ही माझ्या हातातून काढून घेताय. तिने मला बाजूने बघितलं, आरशासमोर उभं केलं. माझी पाठ मागे झुकलेली. टाचांवर भार. ती म्हणाली, चादर धरताना असं कुणी उभं राहत नाही, एकट्याने काहीतरी ओढून आणायचं असतं तेव्हा राहतात. तुम्ही दोघींचा भार एकट्या घेताय. मग तिने माझ्या खांद्याच्या मागे बोट दाबलं आणि म्हणाली, इथला स्नायू तुम्ही पडलात म्हणून दुखावलेला नाही, तो त्याच्या आधीपासून थकलेला आहे, मी पहिल्या दिवसापासून विचारणार होते की तुम्ही नक्की काय काम करता.

मी सरळ उभी राहिले. पुन्हा झटका दिला. तिने तिच्या बाजूने, मी माझ्या.

चादर वाजली.

वन्सं, तो आवाज. खाटेवरच्या माणसांनी माना वळवल्या. फट्ट असा, कोरडा, खोलीभर. आपल्याकडे दिवसभर व्हायचा. खाली दुकानातला शिंपी म्हणायचा, तुमच्याकडे कोण कुणाला मारतंय? आणि मग तो बंद झाला. मला आठवतंय, मी एकदा जिन्यात तुम्हाला म्हटलं होतं, हल्ली चादर वाजत नाही. तुम्ही म्हणालात, कापडच तसं येतं आता, अर्धं प्लास्टिक. मी मान्य केलं. तुम्हाला कापडातलं कळतं.

या चादरी आपल्यासारख्याच आहेत. तेच कापड. मी बोटांनी बघितलं.

एका बाजूने ओढलं तर चादर वाजत नाही.

पत्र इथे थांबवते. ड्रायव्हरला फोन करायचा आहे.


३० मार्च

वन्सं,

ड्रायव्हरने आधी कानावर हात ठेवले. मग म्हणाला, आवाज नीट येत नाहीये. मग म्हणाला, वहिनी, मला ताईंनी शपथ घातलीय. ज्याला काही माहीत नसतं त्याला कुणी शपथ घालत नाही. त्याच्यावर रागावू नका. खोटं बोलणं त्याला गाडी मागे घेण्याइतकंच जमतं.

कधीपासून?

ग्लास दोन्ही हातांनी धरून चहा प्यायचात. मी विचारलं तर म्हणालात, ऊब बरी वाटते. उन्हाळ्यातसुद्धा? कुठलं कापड कुणाचं ते कळायला खुणेचे टाके घालणं तुम्ही माझ्याकडे दिलंत, डोळ्यांचं नाव सांगून. आणि त्याच डोळ्यांनी तुम्ही समोरच्या गच्चीवर वाळणाऱ्या कापडावरचा डाग ओळखायचात. सकाळी कुलूप ड्रायव्हर उघडायला लागला. पावत्यांचं काम हॉटेलच्या माणसावर टाकलंत, म्हणालात त्याचं अक्षर चांगलं आहे. त्याचं अक्षर. आणि मी बावळट इथे बसून विचारतेय, दोन ओळी लिहिल्या तर हात झिजणार आहे का.

बोटं बधिर होतात, वस्तू कधी सुटली ते कळत नाही, एवढं ड्रायव्हरने शेवटी सांगितलं. रात्री हात झटकत बसता म्हणे. माझी खोली भिंतीपलीकडे. मला वाटायचं तुम्ही उशा झटकताय. काय स्वच्छतेची आवड, असं वाटायचं.

तुम्ही मला शिकवलंत, हात बघायचे नाहीत. मी बघितले नाहीत. इतकी वर्षं तुमच्या समोर उभी राहिले, आणि तुमच्या हातांचं काय चाललंय ते मला परक्या गावातल्या पोरीकडून कळतं, तेही माझ्या खांद्यावरून. ती तुम्हाला भेटलेलीसुद्धा नाही.

तुमचा भार माझ्याकडे येत होता आणि मी तो घेत होते, न कळता. कळून घेतला असता, वन्सं. नीट उभी राहून घेतला असता, बाजू बदलली असती, डबल चादरी कमी केल्या असत्या. हाड मोडलं नसतं. ते सोडा, हाड जुळलं. पण मी खाली पडलेली असताना तुम्ही म्हणालात, कुणी सांगितलं होतं ओढायला. कारण दुसरं काही म्हणायचं तर हात दाखवावे लागले असते. मी तुमच्यावर कायमची रागावले तरी चालेल, पण हात दिसायला नकोत. असंच ना?

मशीन दाराकडे ठेवलं कारण खिडकीकडून चादर मनगटाने लोटली तरी ते चालतं. हेही ड्रायव्हरने सांगितलं. म्हणजे तुम्ही माझी जागा घेतली नव्हती. स्वतःचे हात झाकत होतात. आणि मला ते न सांगता इथे कपाटावर चढू दिलंत. बहीण मला कायमची ठेवून घ्यायला निघाली होती. मी हो म्हणणार होते. आणखी आठवडाभराने म्हटलं असतं. मग तुम्ही काय केलं असतं? ड्रायव्हरकडून निरोप पाठवला असता, सुखी राहा?

मला तुमची कीव येत नाही. कीव हवी असेल तर दुसरीकडे बघा. मला राग आलाय, आणि हा आधीच्यापेक्षा मोठा आहे, कारण तो तुमच्यावरचा होता आणि हा तुमच्यासाठीचा आहे. लिहून झाल्यावर वाचलं. बरोबर आहे, खोडत नाही.

हात डॉक्टरांना दाखवा. मी फिजिओला विचारलं. ती म्हणाली, न बघता मी काही सांगणार नाही, पण लवकर दाखवलं तर पुष्कळदा फरक पडतो, आणि जितकं लपवाल तितकं अवघड होतं. ड्रायव्हरला मी सांगून ठेवलंय. तो सोमवारी तुम्हाला गाडीत बसवेल. नाही म्हणालात तर गाडी दारात उभी करून हॉर्न वाजवायला सांगितलंय. शिंपी बाहेर येईपर्यंत.

— भावजय


११ एप्रिल

वन्सं,

दोन्ही हात जुळतात आता. नमस्कार तरी लिहीत नाही. राग उतरलेला नाही.

परवा दुपारी फोन वाजला. बहिणीने माझ्याकडे दिला. पलीकडे धुण्याचं मोठं यंत्र चालू होतं, शेवटच्या फेरीतलं, मी आवाजावरून ओळखलं. तुम्ही काही बोलला नाहीत. मीही नाही. चादर धरल्यासारख्या आपण दोघी उभ्या होतो. मग तुम्ही म्हणालात, "टोक सुटलं माझ्याकडून." आणि फोन ठेवलात.

इतके दिवस मी या वाक्यासाठी इथे बसलेय, आणि तुम्ही ते हॉटेलची ऑर्डर सांगितल्यासारखं सांगितलंत. मला बरं म्हणायलासुद्धा वेळ दिला नाहीत. हे मी लक्षात ठेवणार आहे.

नंतर मी स्वयंपाकघरात जाऊन डबा उघडला. मेहुणे म्हणाले, बघा, मनाने ठरवलं की. मी त्यांना डब्याचं झाकण दिलं आणि म्हटलं, लावा आता.

डॉक्टरांनी मनगटाला पट्टा दिलाय, दोन महिने बघू म्हणाले, मग गरज पडली तर छोटं ऑपरेशन, असं ड्रायव्हर सांगत होता. पट्टा तुम्ही काढून ठेवता हेही त्याने सांगितलं. काढू नका. मला झोळी आवडत होती का?

माझा हात पूर्ण वर जात नाही. कानाच्या वर जातो आणि थोडा पुढे झुकतो. फिजिओ म्हणते, रोज केलं तर अजून जाईल, नाही केलं तर आहे तेही जाईल, यात मधलं काही नाही. तिने मला एक रबरी पट्टा दिलाय, दाराच्या कडीला बांधून ओढायचा. मी म्हटलं, आमच्याकडे दार आहे पण तिथे मशीन आहे. ती म्हणाली, खिडकी असेल ना. तिला आता आपलं घर मला आहे तितकंच माहीत झालंय. निघताना तिने चादरींचा ढीग पुढे केला. आम्ही सगळ्यांच्या घड्या घातल्या. ती बरी घालते आता. बोलते मात्र.

मी शनिवारी येतेय. ड्रायव्हरला पाठवा. गाडीत गाठोडी नकोत, मला पुढे बसायचंय.

मशीन विकू नका. टॉवेल आणि उशांच्या खोळी त्याला द्या, ते त्याच लायकीचं आहे. पण दारापासून हलवा. फाटक्या चादरींचा ढीग मी आल्यावर काढेन, तिथे बसेल. शिंप्याला हात लावायला बोलवा. तुम्ही ढकलू नका, मीही ढकलणार नाही. आपण दोघी बघू.

पहिली चादर एकेरी घ्यायची. डबल इतक्यात नाही, आणि ओली तर मुळीच नाही. तुम्ही खिडकीकडे, मी दाराकडे. हात जिथपर्यंत जातील तिथपर्यंत. चादर जमिनीला लागली तर लागू दे, पुन्हा धुऊ, लाँड्रीच आहे. टोक सुटलं तर सांगायचं, सुटलं. तिथल्या तिथे, तोंडाने. घडी चुकली तरी चालेल.

झटका मी आधी देणार नाही. मला उशिरा हलायची सवय आहे, फिजिओने तसं कागदावर लिहून दिलंय. तुमचं टोक वर येईपर्यंत मी थांबेन, कितीही वेळ लागो.

फक्त एक. चादरीच्या मध्ये बघायचं ते आता बंद. मी तुमच्या हातांकडे बघणार आहे.

— भावजय